फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर अडला की एकेकाळी घरोघरी एकच निदान व्हायचं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल." सांगणारा कधी शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा असे, कधी पाठीला सॅक लावून मोटरसायकलवरून येणारा दुरुस्तीवाला. सॅकमधून सीडीचं पाकीट निघे. एका चकतीवर मार्करने 'एक्सपी एसपी २' असं लिहिलेलं असे. तास-दीड तासात पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश परत येई आणि घर सुटकेचा निःश्वास टाकी. लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर ठेवले होते, हे कुणाला तरी दुसऱ्या दिवशी आठवे.

दुरुस्तीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना एका दुपारी चार घरं उरकायची असत आणि पैसे मिळत ते 'विंडोज टाकायचे'. बिघाडाचं कारण शोधायचे पैसे कुणी देत नसे. पण त्या सवयीपायी मशीन का अडलं हे विचारायचंच राहून गेलं. फॉरमॅट हा उपाय आहेच, तो मीही करते. माझं म्हणणं एवढंच, की तो शेवटचा उपाय आहे आणि त्याच्या आधी करायचं काम बरंच मोठं आहे.

हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, 'सी'मध्ये विंडोज आणि 'डी'मध्ये घरचं सगळं, हा आपल्याकडचा रिवाज या फॉरमॅटांमुळेच पडला. सी पुसली तरी डी सुखरूप. रिवाज शहाणपणाचा खरा, पण अपुरा. डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, मेलचा साठा हे सगळं एक्सपी आपणहून सी ड्राइव्हवरच्या 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये ठेवतं. फाँट तर थेट 'विंडोज' फोल्डरच्या पोटात असतात. मराठीत काम करणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान या फाँटपाशी होतं, आणि ते फार थोड्या जणांच्या वेळीच लक्षात येतं.

माझ्या सांगलीच्या काकांकडे एक्सपीचं मशीन अजून रोज चालतं. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, गावातल्याच दुकानातून असेंबल करून घेतलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं. हे काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, ते किती चिवट असतं. छापील फॉर्म पोस्टाने पाठवायचे, त्यातले बरेचसे परत येतच नाहीत. मग लग्नामुंजीत माणसं गाठायची. कोण दत्तक गेलं, कोणत्या शाखेने मूळ गाव कधी सोडलं, एकाच नावाचे तीन विष्णू कोणकोणत्या पिढीतले, हे सगळं जुळवायचं. काकांनी ते त्या काळच्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं. त्या सॉफ्टवेअरला कुलूप होतं. कॅबिनेटच्या मागे प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचं पोर्ट असे, त्यात खोचायचा एक छोटा ठोकळा. तो नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. "आता नवा घ्या की, काका," असं त्यांना घरातला प्रत्येक जण सांगतो. सांगणं सोपं आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "अगं, हे सारखं आपोआप बंद पडून परत चालू होतंय. खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारून देतो. देऊ का त्याला मारायला?"

"काका, कुणाला हात लावू देऊ नका. भिंतीवरचा स्विच बंद करा आणि मी येईपर्यंत चालूच करू नका."

चालू करू नका, यासाठी की दोष डिस्कचा असेल तर प्रत्येक सुरुवात तिला थोडी आणखी खराब करते.

गेल्यावर आधी कॅबिनेटची बाजूची पत्री काढली. जुन्या मशीनची अर्धी दुखणी विंडोजशी संबंधित नसतातच. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोळ्यांनी तपासता येतात. त्यांची वरची टोपी सपाट हवी, ती फुगलेली किंवा तपकिरी रस पाझरलेली दिसली तर सॉफ्टवेअरशी खेळण्यात अर्थ नाही. इथे ते ठीक होते. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासल्या आणि पट्टी पुन्हा 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवली. हा उपाय ऐकायला पोरकट वाटतो, पण त्या कडांवर धरलेल्या थरामुळे संपर्क सुटतो आणि मशीन वाटेल तसं वागतं. मग मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२. तीन व्होल्टची ही बॅटरी संपली की मशीन तारीख विसरतं, डिस्क कोणती आणि कशी जोडली आहे याच्या नोंदीही विसरतं. काकांच्या पडद्यावर २००५ साल दिसत होतं. बॅटरी बदलली, तारीख आजची झाली, आणि तरीही मशीन सुरू होता होता परत बंद.

एक्सपीची मूळ सेटिंग अशी, की मोठा बिघाड झाला की मशीन लगेच रीस्टार्ट व्हावं. त्यामुळे निळा पडदा क्षणभर चमकतो आणि वाचायच्या आत जातो. सुरुवातीलाच एफ ८ दाबून येणाऱ्या यादीत हे आपोआप रीस्टार्ट होणं बंद करायची सोय आहे. ती वापरली आणि निळा पडदा स्थिर झाला. निळ्या पडद्याला लोक घाबरतात. मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण त्यावर मशीन स्वतः काय झालं ते सांगत असतं. इथे त्याने सांगितलं, 'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम'. म्हणजे विंडोज डिस्कपर्यंत पोचलं होतं, पण डिस्कवर कुठे काय ठेवलंय याचा नकाशा त्याला वाचता येत नव्हता. रिबनसारखी चपटी केबल बदलून पाहिली, फरक नाही. दोष डिस्कवरच होता. काकांच्या यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली आणि दुपारी लाइट जायची सवय जुनी. मधेच वीज तुटली की लिहिता लिहिता नोंद अर्धी राहते.

या टप्प्यावर बहुतेक जाणकार सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून चेकडिस्क चालवतात आणि पुष्कळदा मशीन उभंही राहतं. मी ते लगेच केलं नाही. चेकडिस्कचं काम नकाशा सुसंगत करणं हे आहे, तुमची फाइल वाचवणं हे नाही. ज्या तुकड्याचा मालक त्याला सापडत नाही, तो तुकडा 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये नुसता अनुक्रमांक देऊन टाकला जातो. शिवाय हे सगळं ते त्याच आजारी डिस्कवर लिहीत असतं. म्हणून पहिली गोष्ट नक्कल, दुरुस्ती नंतर.

नक्कल करायला मी लिनक्सची एक रेस्क्यू सीडी वापरते. मशीन त्या सीडीवरून चालू होतं, हार्ड डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. तिच्यातला 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम मला मनापासून आवडतो, त्याच्या कामाच्या पद्धतीसाठी. साधी कॉपी पहिल्या खराब जागेपाशी अडते आणि तिथेच डोकं आपटत राहते. हा तसं करत नाही. जे सहज वाचता येतंय ते तो आधी सगळं उचलून सुरक्षित ठेवतो, अडलेल्या जागांची एका फाइलीत नोंद करतो आणि मग पुन्हा त्या जागांकडे वळतो, कधी पुढून, कधी मागून. वीज गेली तरी ती नोंद पाहून जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो. काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते. आकडे पुढे सरकत होते, मधूनच डिस्क टकटक करायची आणि काका माझ्याकडे पाहायचे. रात्री जेवणं होईस्तोवर जवळजवळ सगळी डिस्क बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरली. फारच थोडा भाग राहिला, तो रात्रभर प्रयत्नांवर सोडला.

सकाळी ती नक्कल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली. कुलवृत्तांताच्या फाइली सगळ्या जागेवर. पहिली फाइल उघडली आणि काकांचा चेहरा उतरला. पानभर इंग्रजी अक्षरं, मधे पौंडाची खूण, डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंच वळणाची अक्षरं, कंस, टिंबं. एकही मराठी अक्षर नाही.

फाइल बिघडली नव्हती. ती जशी टाइप केली होती तशीच होती. त्या काळी एका अक्षरासाठी आठ बिट मिळत, म्हणजे सगळ्या मिळून २५६ जागा. इंग्रजीचा आणि युरोपातल्या इतर भाषांचा संसार त्यात आधीच थाटलेला. मराठी फाँट घडवणाऱ्यांनी त्याच जागांवर आपले तुकडे बसवले. इथे अर्धा म, तिथे काना, पलीकडे रफार. फाइलमध्ये साठतो तो नुसता क्रमांक, आणि त्या क्रमांकाला कोणतं रूप द्यायचं हे फाँट ठरवतो. श्री-लिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, शिवाजीची वेगळी. युनिकोड रुळायच्या आधी दुसरा मार्ग नव्हता, आणि मराठीतली वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका वर्षानुवर्षं याच युक्तीवर छापल्या गेल्या. ती युक्ती शोधणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण तिचा अर्थ असाही आहे, की मजकूर डी ड्राइव्हवर सुखरूप असला आणि सीवरचा फाँट पुसला गेला, तर उरतात फक्त क्रमांक.

आम्ही नक्कल आधी केली होती म्हणून फाँटही हाती होते. 'विंडोज' फोल्डरमधल्या 'फाँट्स'मध्ये गेले, काकांच्या सॉफ्टवेअरचे फाँट निवडले आणि लॅपटॉपवर टाकले. एकेकाचं वजन शंभर केबीसुद्धा नव्हतं. फाइल बंद करून उघडली. मूळ पुरुष, त्याचे चार मुलगे, त्यांच्या शाखा, सगळं पानावर उभं राहिलं. काका पडद्याजवळ वाकून पहिलं पान मोठ्याने वाचायला लागले आणि काकूंनाही स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

वाचता आलं, तरी सुधारणा करायला ते सॉफ्टवेअर, ते कुलूप आणि म्हणून एक्सपी हवंच होतं. आता फॉरमॅटची वेळ खरोखर आली होती. माझ्या जुन्या मशीनमधली १६० जीबीची चांगली डिस्क मी बरोबर नेली होती. (एक्सपीची अगदी पहिली सीडी अशा डिस्कचे फक्त १३७ जीबी ओळखते. त्यापुढचं दिसायला सर्व्हिस पॅक लागतो, आणि काकांची सीडी एसपी २ ची होती.) मूळ सीडी, मदरबोर्डच्या ड्रायव्हरची सीडी, मराठी सॉफ्टवेअरची सीडी आणि तिघींची बिलं काकांनी गोदरेजच्या कपाटात एलआयसीच्या पावत्यांच्या फाइलीत ठेवलेली. बँकेतली शिस्त अशी कामाला येते.

एक्सपी टाकताना घाई चालत नाही. आधी निळ्या पडद्यावर करार येतो, तो एफ ८ ने मान्य करायचा. मग डिस्कचे भाग पाडायचे, फॉरमॅट, फाइलींची कॉपी. मशीन रीस्टार्ट होतं आणि सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतंही बटण दाबा, असं पुन्हा विचारतं. इथे दाबायचं नाही. दाबलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं, आणि नवशिके नेमके तिथेच फिरत राहतात. मग चित्रांचा पडदा येतो आणि डाव्या बाजूला ३९ मिनिटं शिल्लक असल्याचं लिहून येतं. ती मिनिटं घड्याळाची नसतात. एखादं मिनिट दहा मिनिटं टिकतं, पुढची पाच झरझर सरतात. मधे पंचवीस अक्षरांची किल्ली विचारली जाते. काका कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून ती वाचत होते, मी टाइप करत होते. तिच्यात इंग्रजी स्वर एकही नसतो. शून्य, एक आणि पाच हे आकडेही नसतात, ओ, आय, एस यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून. मात्र बी आणि आठ दोन्ही असतात, आणि पुसट झालेल्या स्टिकरवर काकांनी भिंग आणलं ते याच दोघांसाठी.

इंटरनेटची तार मी लावली नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा जंतू पसरला होता. तेव्हा नवंकोरं एक्सपी नेटला जोडलं की दुरुस्तीची फाइल उतरायच्या आतच ते बाधित व्हायचं आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या एसपी २ मध्ये फायरवॉल मुळातच चालू ठेवलेली होती. पण ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि आजच्या बहुतेक वेबसाइटी त्यावर धड उघडतही नाहीत. काकांचं मशीन नेटवर जाणार नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवून टाकलं. फायली पेन ड्राइव्हवरून येतील-जातील.

पहिला डेस्कटॉप आला तो मुका आणि भडक. आवाज नाही, चित्र मोठं आणि फाटल्यासारखं. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग. ड्रायव्हर टाकताना क्रम पाळावा, आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग आवाज. एकेक प्रश्नचिन्ह जाताना पाहायला मला अजूनही आवडतं.

नंतरचं काम मराठी माणसालाच कळेल असं. एक्सपीमध्ये युनिकोड मराठीची सोय आहे, 'मंगल' हा फाँटही आहे, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. पण इंग्रजी एक्सपी टाकल्यावर ती सोय झोपलेली असते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', तिथे दुसऱ्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची चौकट, तिच्यात खूण करायची, पुन्हा सीडी घालायची, पुन्हा रीस्टार्ट. ही खूण केली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होऊन पायाखाली हलन्त घेऊन उभी राहतात. कितीतरी घरांत 'एक्सपीवर मराठी नीट दिसत नाही' असं मानलं गेलं, ते या एका न केलेल्या खुणेमुळे.

खूण करूनही एक गोष्ट सुटत नाही. काकांनी नव्या लॅपटॉपवरून आणलेली एक यादी तिथे उघडली तर आमच्या घराण्यातल्या वकिलांच्या नावांमागे चौकोन आले. 'ॲड.' मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला, एक्सपीचा मंगल त्याच्या आधीचा. वकील आमच्याकडे बरेच आहेत. काकांनी ठरवलं की एक्सपीवर 'वकील' असं सरळ लिहायचं.

शेवटी मराठी सॉफ्टवेअर टाकलं, मागे कुलूप खोचलं, फाइल उघडली, काकांनी एक ओळ सुधारून प्रिंट काढली. मग सगळं नीट चालतंय हे पाहून त्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली, विंडोज, ड्रायव्हर, फाँट, सॉफ्टवेअर सगळ्यासकट, आणि तिच्या दोन प्रती केल्या. एक काकांच्या कपाटात, एक माझ्याकडे पुण्यात. पुढच्या वेळी कुणाला काही नव्याने टाकायला लागणार नाही, दुसरी डिस्क लावून प्रतिमा उतरवली की झालं. हे काम त्या दुरुस्तीवाल्यांच्या काळात कुणी केलं असतं, तर कितीतरी घरांचे मजकूर आज वाचता आले असते.

प्रतिमा आहे म्हणून थांबता येत नाही, कारण मदरबोर्डही एक दिवस जाणार. सध्या आम्ही कुलवृत्तांत युनिकोडमध्ये आणतोय. रूपांतर करणारा प्रोग्रॅम बहुतेक मजकूर बरोबर बदलतो, पण वेलांटी आणि रफार यांच्याशी त्याचं जमत नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे 'कीर्ती'चा रफार कधी पुढच्या अक्षरावर जातो, कधी आधीच्या. रविवारी सकाळी काका सांगलीत छापील पान घेऊन बसतात, मी इथे पडद्यासमोर, फोन स्पीकरवर. ते नावं वाचतात, मी तपासते.

या वाचनात एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली. मुलींची नोंद प्रत्येक शाखेत सासरच्या नावापाशी थांबते, त्यांची मुलंबाळं कुठेच नाहीत. मी हे बोलून दाखवल्यावर काका थोडा वेळ गप्प होते. पुढच्या रविवारी त्यांनी नवा फॉर्म तयार करून ठेवला होता, त्याच एक्सपीवर, मुलींच्या पुढच्या दोन पिढ्यांच्या रकान्यांसह. पहिला फॉर्म त्यांनी माझ्या आईकडे पाठवलाय, तिच्या माहेरच्या कुलवृत्तांतात तिच्यापुढे काय लिहिलंय हेही कळवायला सांगितलंय. कराडच्या शाखेचे फॉर्म परवा पोस्टात पडले.